काकोळे : वालधुनीचं माहेर

वालधुनी ही नदी आहे, हे उल्हासनगरातल्या आजच्या पोरांना सांगावं लागतं. त्यांच्या लेखी तो नाला. पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावायचा, एवढीच ओळख. म्हणून माझा आग्रह असतो, की अंबरनाथ पूर्वेला उतरावं, रिक्षा करावी आणि काकोळ्याला जावं.

मलंगगडाच्या बाजूच्या डोंगरांतून वालधुनीचे ओढे जिथे सपाटीला लागतात, तिथे हे लहानसं गाव. मागे काळे कडे, पुढे भातखाचरं. श्रावणात कड्यांवरून पाण्याच्या पांढऱ्या रेघा उतरतात.

गावाजवळचं धरण ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचं. आगगाडी 1854 मध्ये कल्याणला आली, 1856 मध्ये खोपोलीपर्यंत गेली. वाफेच्या इंजिनाला कोळशाबरोबर पाणीही लागे, तेही चांगलं; जड पाण्याने बॉयलरमध्ये क्षारांचे थर धरतात. ते पाणी रेल्वेने या ओढ्यांवर अडवलं. वाफेची इंजिनं गेली, धरण राहिलं. लोक अजून त्याला ‘जीआयपी’च म्हणतात. आज याच पाण्यावर अंबरनाथचा ‘रेल नीर’ या बाटलीबंद पाण्याचा कारखाना चालतो. म्हणजे ज्या नदीवरून आपण नाक दाबून जातो, तिचंच पाणी स्टेशनवर पैसे मोजून पितो. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

भरल्या पावसात सांडव्यावरून पाणी बोटभर जाडीने सरकत असतं. दगडाला अडकलेलं सागाचं पान त्याखाली शिरान्‌शिरा दिसतं. ओंजळ नाकाशी नेली, तर वास म्हणून नाही.

हीच नदी खाली अंबरनाथच्या शिवमंदिराला बिलगून जाते. शिलालेखात शके 982, म्हणजे इसवी सन 1060. राजा शिलाहार मुम्मुणी. गाभारा पायऱ्या उतरून जमिनीखाली, वर उघडं आभाळ. बांधणाऱ्यांनी ही जागा नदीसाठीच निवडली असणार, असं तिथे उभं राहिलं की वाटतं.

पुढे औद्योगिक वसाहत, मग उल्हासनगर. फाळणीनंतर सिंधी निर्वासित इथल्या लष्करी छावणीच्या बराकींत आले. 1949 मध्ये वसाहतीला हे नाव मिळालं. रित्या हातांनी आलेल्या माणसांनी धंदे उभे केले, त्या कष्टांबद्दल मनात आदरच आहे. पण जीन्स रंगवल्याचं पाणी नदीत गेलं, कारखान्यांची रसायनं गेली. 2014 मध्ये तर पात्रात ओतलेल्या रसायनातून विषारी वायू सुटला आणि काठच्या शेकडो माणसांना रुग्णालय गाठावं लागलं.

हा सगळा प्रवास काही किलोमीटरचा. आसपासच्या शाळांनी एक सहल इथे काढावी: आधी धरण, मग शिवमंदिर, शेवटी उल्हासनगर. शिक्षकांनी तिन्ही ठिकाणचं पाणी बाटल्यांत भरून वर्गात शेजारी शेजारी ठेवावं आणि मुलांना विचारू द्यावं, काय विचारायचं ते.