घडी घालायला चला न्यूयॉर्कला!

जूनचा शेवटचा आठवडा. आपल्याकडे कुणी अ‍ॅडमिशनच्या याद्या बघत असतं, कुणी बॅकलॉगचे फॉर्म भरत असतं, कुणी माळीवाड्याच्या स्टँडवर सॅक सांभाळत पुण्याच्या गाडीची वाट बघत असतं. साधारण त्याच दिवसांत न्यूयॉर्कमध्ये शेकडो माणसं एकत्र येतात आणि कागद दुमडतात. सकाळी दुमडतात, जेवून दुमडतात आणि रात्री झोप उडालेली मंडळी टेबलं जोडून पुन्हा दुमडत बसतात. विद्यार्थी, रिटायर्ड आजोबा, मॅथ्सचे प्रोफेसर, दहा वर्षांची पोरं, सगळे एकाच टेबलावर. ह्याला म्हणतात ओरिगामी कन्व्हेन्शन.

हा विषय डेस्कवर सांगितला तेव्हा पहिला प्रश्न आला, "होडी करायला अमेरिकेला जायचं?" प्रश्न रास्त आहे. पावसाच्या पाण्यात सोडायची होडी, मागच्या बाकावरून सरांच्या दिशेने सोडायचं विमान, निवडणुकीच्या सभेतली पेपरची टोपी, आपलं ओरिगामी साधारण इथेच संपतं. आठवीनंतर तर कागद फक्त झेरॉक्सला. त्यामुळे एखादा इंजिनीअरिंगचा पोरगा होस्टेलमध्ये बसून एका चौकोनातून सहा पायांचा भुंगा करतोय म्हटलं की रूममेट विचारणारच, ह्यातून मिळणार काय?

ही सगळी भानगड सुरू कुठून झाली? न्यूयॉर्कमध्ये लिलियन ओपेनहायमर नावाच्या बाई होत्या. मुलगी आजारी असताना तिच्यासोबत वेळ जावा म्हणून त्या कागदाच्या घड्या शिकल्या आणि आयुष्यभर त्यातच रमल्या. १९५८ मध्ये त्यांनी 'ओरिगामी सेंटर' सुरू केलं. आजची 'ओरिगामी यूएसए' ही संस्था त्याच परंपरेतली, आणि जूनमधलं कन्व्हेन्शन हीच भरवते. ब्रिटिश ओरिगामी सोसायटी १९६७ पासूनची. त्यांची वर्षाला दोन कन्व्हेन्शन होतात, वेगवेगळ्या गावांत. टोकियोतलं 'तांतेइदान' कन्व्हेन्शन ऑगस्टमध्ये असतं. तिथले लोक काय करतात ते बघून आपण होडीबद्दल काही बोलायचं धाडसच करत नाही. सातोशी कामिया ह्यांचा 'रयुजिन' नावाचा ड्रॅगन शोधून बघा. एकच चौकोनी कागद, कात्री नाही, गोंद नाही आणि अंगावर खवल्यांच्या ओळीच्या ओळी. मी पहिल्यांदा फोटो बघितला तेव्हा एआयने केलाय असंच वाटलं होतं.

तिथे असतं काय? मुख्य म्हणजे क्लास. एकाच वेळी वेगवेगळ्या खोल्यांत वेगवेगळी मॉडेल्स शिकवतात. प्रत्येकावर लेव्हल लिहिलेली असते, अगदी सोप्यापासून ते डोकं फिरवणाऱ्यापर्यंत. शिकवणारे सगळे स्वयंसेवक. मानधन वगैरे नाही, उलट स्वतःची फी भरून आलेले लोकच शिकवतात. काल तुम्ही ज्याच्याकडून शिकलात, तो आज तुमच्या शेजारी बसून तिसऱ्याकडून शिकत असतो. शिवाय प्रदर्शन असतं. भारीतला भारी कागद विकायला असतो (इथे खिसा सांभाळावा म्हणतात). आणि रात्रीचं फोल्डिंग, ज्याच्यासाठीच बरेच जण येतात.

भाषेची अडचण? जवळपास नाहीच. ह्याचं श्रेय अकिरा योशिझावा ह्यांना. जपानमधल्या एका कारखान्यात ते नव्या कामगारांना भूमिती शिकवायचे आणि त्यासाठी कागदाच्या घड्या वापरायचे. पुढे नोकरी सोडली, दारोदार खाण्याचे जिन्नस विकून पोट भरलं, पण घड्या सोडल्या नाहीत. १९५४ मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि त्यातली चिन्हांची पद्धत पुढे जगभर पसरली. तुटक रेघ म्हणजे घडी आत, दरीसारखी. रेघ आणि टिंब म्हणजे घडी बाहेर, डोंगरासारखी. बाण दाखवेल तिकडे कागद न्यायचा. बास! जपानी पुस्तकातलं एक अक्षर वाचता आलं नाही तरी मॉडेल होतं. संगीताच्या नोटेशनसारखंच हे. गंमत म्हणजे योशिझावा जन्मले १४ मार्च १९११ ला आणि गेले १४ मार्च २००५ ला, ९४ व्या वाढदिवशी. मॅथ्सवाल्यांना १४ मार्च म्हणजे 'पाय डे' हे वेगळं सांगायला नको.

आता "मिळणार काय" ह्या प्रश्नाकडे येऊ, कारण नगरमध्ये तो कुणालाच चुकत नाही.

रॉबर्ट लँग हा माणूस नासाच्या जेट प्रपल्शन लॅबमध्ये काम केलेला फिजिसिस्ट. २००१ मध्ये त्याने नोकरी सोडली आणि पूर्णवेळ ओरिगामी धरलं. अमुक इतके पाय, इतक्या लांबीच्या मिशा असलेला किडा एका चौकोनातून कसा काढायचा, ह्याचं गणित करणारं 'ट्रीमेकर' नावाचं सॉफ्टवेअर त्याने लिहिलं. कोर्यो मिउरा ह्या जपानी शास्त्रज्ञाने शोधलेली घडी अशी आहे की कागदाची दोन टोकं धरून ओढली की अख्खा नकाशा एका झटक्यात उघडतो आणि ढकलला की मिटतो. १९९५ मध्ये अवकाशात गेलेल्या एका जपानी यानाचं सोलर पॅनल ह्याच घडीने दुमडलेलं होतं. एमआयटीत एरिक डिमेन २० व्या वर्षी प्रोफेसर झाला, त्याचा विषय घड्यांचं कॉम्प्युटर सायन्स. त्याची लेक्चर्स नेटवर फुकट आहेत, कॉम्प्युटरवाल्यांनी नक्की बघावीत. आणि मेरठमध्ये जन्मलेल्या मनू प्रकाश ह्यांनी स्टॅनफर्डमध्ये बनवलेला 'फोल्डस्कोप' तर कागद दुमडून तयार होणारा मायक्रोस्कोपच आहे.

म्हणूनच कन्व्हेन्शनचा एक वेगळा, अभ्यासू भाऊ आहे. त्याचं नाव 'ओएसएमई'. विज्ञान, गणित आणि शिक्षणातलं ओरिगामी हा त्याचा विषय. पहिली बैठक १९८९ मध्ये इटलीतल्या फेरारात झाली. मग जपान, अमेरिका, सिंगापूर असं फिरत २०१८ मध्ये ऑक्सफर्ड आणि २०२४ मध्ये मेलबर्न. इथे रीतसर रिसर्च पेपर वाचले जातात. मेकॅनिकल, सिव्हिल, आर्किटेक्चर, बीएस्सी मॅथ्स आणि बीएडवाल्यांनी हे नाव लिहून ठेवा. "मला हौस आहे" म्हणून कॉलेजकडे पैसे मागता येत नाहीत. "माझा पेपर घेतलाय" असं पत्र हातात असलं तर निदान अर्ज तरी करता येतो.

आणि हे सगळं जपानी-अमेरिकन आहे असं वाटत असेल तर थांबा. १८९३ मध्ये मद्रासला इंग्रजीत एक पुस्तक छापलं गेलं. विषय, कागदाच्या घड्यांमधून भूमिती. लेखक टी. सुंदर राव. बालवाडीतल्या घडीकामाच्या कागदांवरून त्यांना ही कल्पना सुचली होती. फेलिक्स क्लाइन ह्या बड्या जर्मन गणितज्ञाने आपल्या पुस्तकात त्याचा उल्लेख केला आणि मग ते अमेरिकेत पोचलं, १९०१ मध्ये तिथे नवी आवृत्ती निघाली. पट्टी-कंपासने जे जमत नाही (उदाहरणार्थ घनमूळ काढणं) ते घडीने जमतं, हे पुढे १९३६ मध्ये मार्गेरिटा बेलोक ह्या इटालियन गणितज्ञ बाईंनी दाखवलं. पण घडीकडे गणित म्हणून बघणाऱ्या पहिल्या काही पुस्तकांत आपल्याकडचं हे पुस्तक आहे. शाळेत भूमिती शिकलेल्या आपल्यापैकी किती जणांना सुंदर राव हे नाव सांगितलं गेलं? मला तरी नाही.

मराठीत ओरिगामी म्हटलं की एकच नाव येतं, डॉ. अनिल अवचट. मूळचे ओतूरचे, म्हणजे आपल्या नगर-कल्याण रोडवरचेच. पेशाने डॉक्टर, पुढे पत्रकार, लेखक, 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्राचे संस्थापक. बासरी, लाकडातलं कोरीवकाम, स्वयंपाक, जादू आणि ह्या सगळ्याबरोबर ओरिगामी. 'छंदांविषयी' हे त्यांचं पुस्तक कॉलेजच्या लायब्ररीत असण्याची बरीच शक्यता आहे. २७ जानेवारी २०२२ ला ते गेले. पत्रकारिता शिकणारी म्हणून मला त्यांच्यात एक गोष्ट फार आवडते. हमाल, विडी कामगार, व्यसनी माणसं ह्यांच्यावर इतकं अस्वस्थ करणारं लिहिणारा माणूस कागदाच्या पक्ष्याला टाइमपास मानत नव्हता. आपण मात्र सीव्हीत 'हॉबीज' हा रकाना भरताना सुद्धा 'रीडिंग, ट्रॅव्हलिंग' टाकून मोकळे होतो.

कन्व्हेन्शनला जायच्या आधी शिकायची एक गोष्ट मात्र घडीची नाही. प्रदर्शनात प्रत्येक मॉडेलपुढे दोन नावं लिहायची असतात. ज्याने डिझाइन केलं त्याचं आणि ज्याने दुमडलं त्याचं. आपल्याकडे पुस्तकांच्या पीडीएफ टेलिग्रामवर फिरतात आणि रीलमध्ये "मेड बाय मी" लिहून लोक मोकळे होतात. तिथे हे चालत नाही. २०११ मध्ये लँग आणि आणखी पाच ओरिगामी कलाकार कोर्टात गेले. त्यांच्या मॉडेल्सच्या घड्यांचे नकाशे एका नामवंत चित्रकार बाईंनी रंगवून, त्यांचं नाव न देता, स्वतःची चित्रं म्हणून मांडले असा त्यांचा दावा होता. २०१३ मध्ये समझोता झाला. एखाद्याने महिनोन् महिने डोकं लावून काढलेली घडी त्याचीच असते, एवढं साधं आहे हे. ज्या घड्यांचा कर्ता माहीत नाही, त्यांच्यापुढे 'ट्रॅडिशनल' लिहितात. आपली होडी त्यातलीच.

आता खर्च. इथे मी गोड बोलणार नाही. पासपोर्टची साधी फी १५०० रुपये, आणि नगरच्या पोस्टातच केंद्र असल्याने तेवढ्यासाठी पुण्याला खेपा नाहीत. अमेरिकेच्या व्हिजिटर व्हिसाची मूळ फीच १८५ डॉलर, ती नाकारला तरी परत मिळत नाही, आणि मुलाखतीला मुंबई. नुसतं कन्व्हेन्शनचं रजिस्ट्रेशन दाखवून व्हिसा मिळतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. शिक्षण चालू आहे, परत यायचं कारण आहे, खर्च कोण करणार हे ठरलेलं आहे, हे सगळं विचारतात. आणि व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारं विमानाचं तिकीट काढायचं नाही. वर विमान, राहणं, खाणं. कांद्याच्या भावावर घर चालतं अशा आपल्या जिल्ह्यातल्या किती घरांत हा खर्च "छंदासाठी" म्हणून मागता येईल? माझ्या घरी तरी विषय काढायची हिंमत नाही. ज्यांचे दादा-ताई तिकडे नोकरीला आहेत त्यांचं राहण्याचं भागतं, बाकीच्यांनी घाई करू नये.

कारण मधली पायरी आहे, आणि ती १२० किलोमीटरवर आहे. पुण्या-मुंबईत 'ओरिगामी मित्र' हा गट आहे, त्याने 'वंडरफोल्ड' नावाची प्रदर्शनं भरवली आहेत. सकाळच्या एसटीने जाऊन रात्री परत. शिवाय २४ ऑक्टोबर ते ११ नोव्हेंबर हे जगभर 'वर्ल्ड ओरिगामी डेज' म्हणून पाळतात. २४ ला ओपेनहायमर बाईंचा वाढदिवस, आणि ११/११ म्हणजे चार एक, चौकोनाच्या चार बाजू. तेव्हा दिवाळी असते किंवा सेमिस्टरची परीक्षा, हा घोळ आहेच. पण कॅन्टीनच्या एका टेबलावर चार जण बसायला परवानगी लागत नाही.

कागदाचंही अडत नाही. परदेशी पाकिटातले १५ सेंटिमीटरचे चौकोन महाग पडतात. कापडबाजारात वह्यांना घालायचा खाकी कागद घ्या, पातळ आणि चिवट असतो, शंभर घड्या सोसतो. जरा पुढे गेलात की पतंगाचा कागद अ‍ॅल्युमिनियम फॉइलला दोन्ही बाजूंनी चिकटवा. वाकवाल तसा राहतो, किड्यांचे पाय त्यातच जमतात. चौकोन मात्र अचूक कापा. एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला की विसाव्या घडीला तो हिशेब मागतो.

आणि कधी गेलातच, तर नुसतं शिकायला जाऊ नका, शिकवायलाही नाव द्या. काय शिकवणार? माझी आजी पानाचा विडा असा दुमडते की लवंग टोचली नाही तरी उघडत नाही, पण पान न्यूयॉर्कला कुठे मिळणार? दुसरा पर्याय राहुरीतल्या आमच्या किराणा दुकानात आहे. काका गप्पा मारता मारता, हाताकडे न बघता, पाव किलो शेंगदाण्यांची पुडी बांधतात. दोरा नाही, गोंद नाही, पिन नाही, आणि एक दाणा सांडत नाही. प्लॅस्टिकच्या पिशव्यांपुढे ती घडी हळूहळू चाललीय, आणि ती टप्प्याटप्प्याने कागदावर काढलेली मला तरी कुठे सापडली नाही. गेल्या रविवारी काकांना पुडी सावकाश बांधायला लावून मी मोबाइलवर शूट केलं. योशिझावांच्या चिन्हांत काढायला बसले तर चौथ्या पायरीला, कोपरा आत खुपसताना, बाण कुठून कुठे काढायचा तेच कळेना. ह्या रविवारी पुन्हा जायचंय. फॉर्मवर काय लिहायचं ते मात्र ठरलंय. मॉडेल : पुडी. लेव्हल : सोपी. कागद : कालचा पेपर. डिझायनर : ट्रॅडिशनल, राहुरी, जि. अहिल्यानगर.