खरे गाव खेळण्यासारखे का दिसते?

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या एका शिक्षक शिबिरात आम्ही दोन छायाचित्रे शेजारीशेजारी भिंतीवर लावली होती. पहिले एका सोसायटीतल्या मुलांनी केलेल्या किल्ल्याचे : विटा, पोती आणि माती, त्यावर उगवलेले हळिवाचे रान, बुरुजावर एक मावळा. दुसऱ्यात उंचावरून पाहिलेले एक गाव होते. मधल्या पट्ट्यातील घरे, रिक्षा, माणसे स्पष्ट; खालचा आणि वरचा भाग धूसर. "यातले खरे कोणते आणि खेळण्यातले कोणते?" असे आम्ही विचारले. दोन्ही खेळण्यातली, असे बहुतेकांचे मत पडले.

तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एक बाई उठून चित्राजवळ आल्या. "अहो, ही आमचीच इमारत. गच्चीवरची ही निळी टाकी आणि शेजारी वाळत घातलेले कपडे!" चित्र पर्वतीवरून काढलेले होते आणि गाव म्हणजे चक्क पुणे होते. पण बाईंचे पुढचे वाक्य आम्हांला अधिक मोलाचे वाटले. त्या म्हणाल्या, "माझे घर आहे हे कळले, तरी अजून ते प्लॅस्टिकचेच वाटते."

माहीत असूनही डोळा ऐकत नाही, असा हा प्रकार. कारण काय असावे, यावर शिक्षकांनी सुचवलेली उत्तरे अशी : रंग भडक केले आहेत, चित्र वरून काढले आहे, कडा धूसर आहेत. तिन्ही बरोबर. खेळणी आपण नेहमी वरूनच पाहतो आणि त्यांचे रंग झगझगीत असतात. पण रंग जसेच्या तसे ठेवून नुसता धूसरपणा काढला की पुणे पुन्हा पुणे होते, हे आम्ही लगेच करून दाखवले. मुख्य काम धूसरपणाचे आहे. मग प्रश्न असा की धूसर म्हणजे लहान, हे समीकरण आले कुठून?

हे फळ्यावर दोन रेषांत समजावता येते. डावीकडे भिंगाचे तोंड म्हणून एक उभी रेघ काढा. उजवीकडे दूर एक बिंदू द्या आणि त्या बिंदूपासून भिंगाच्या वरच्या व खालच्या टोकाला जोडणाऱ्या रेषा काढा. हा झाला प्रकाशाचा शंकू. आता भिंग आणि बिंदू यांच्या मध्ये, जिथे कॅमेरा फोकस केला आहे त्या अंतरावर, आणखी एक उभी रेघ काढा. शंकू या रेघेला जेवढ्या रुंदीत छेदतो, तेवढा मोठा डाग त्या बिंदूच्या जागी चित्रात उमटतो. समरूप त्रिकोणांवरून नववीचा विद्यार्थीही पुढील सूत्र काढू शकेल :

डागाचा व्यास = भिंगाच्या तोंडाचा व्यास × (मागच्या वस्तूचे अंतर − फोकसचे अंतर) ÷ मागच्या वस्तूचे अंतर

हा व्यास फोकसच्या जागी ठेवलेल्या पट्टीने मोजायचा, हे लक्षात ठेवावे. आकृतीकडे नीट पाहा. मागची वस्तू कितीही दूर नेली तरी हा डाग भिंगाच्या तोंडापेक्षा मोठा होऊ शकत नाही. सगळे रहस्य या एका गोष्टीत आहे.

समजा, भिंगाचे तोंड २५ मिलिमीटरचे आहे. टेकडीवरून १०० मीटर अंतरावरच्या, १० मीटर उंचीच्या घरावर फोकस केला आणि त्याच्यामागे २०० मीटरवर दुसरे घर आहे. डाग येईल १२.५ मिलिमीटरचा. घराच्या उंचीच्या तो आठशेवा भाग, म्हणजे नसल्यात जमा. आता या सगळ्याची शंभरपट लहान प्रतिकृती टेबलावर मांडा. घर १० सेंटिमीटरचे, अंतरे १ आणि २ मीटर. कॅमेरा मात्र तोच. डाग पुन्हा १२.५ मिलिमीटरचाच, पण आता तो घराच्या उंचीचा आठवा भाग आहे! गाव लहान झाले, भिंग लहान झाले नाही.

उलट विचार केला तर खऱ्या गावाच्या चित्रात तेवढाच धूसरपणा आणायला भिंगाचे तोंड शंभरपट, म्हणजे अडीच मीटर रुंद हवे. तमिळनाडूतील कावलूरच्या वेणू बाप्पू दुर्बिणीचा आरसा २.३४ मीटरचा आहे. असा कॅमेरा खांद्याला लटकवून पर्वती चढणे अवघडच. म्हणूनच गावाच्या चित्रात असा धूसरपणा दिसला, की 'गाव लहान असले पाहिजे' हाच निष्कर्ष सोयीचा ठरतो.

आपल्या डोळ्याला हे गणित कोणी शिकवले? रोजच्या व्यवहाराने. डोळ्याच्या बाहुलीचे तोंड दिवसा तीनचार मिलिमीटरचे असते. एक डोळा मिटून बोट वीतभर अंतरावर धरा आणि बोटाच्या टोकाकडे टक लावा. मागची खिडकी विरघळल्यासारखी होईल. तेच समोरच्या झाडाकडे पाहताना झाडामागची इमारत मुळीच धूसर होत नाही. मागचा भाग ठळकपणे धूसर होतो तो वस्तू हाताच्या अंतरात असेल तेव्हा, हा अनुभव जन्मभराचा आहे. २०१० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील रॉबर्ट हेल्ड, एमिली कूपर, जेम्स ओब्रायन आणि मार्टिन बँक्स यांनी यावर प्रयोग करून निष्कर्ष प्रसिद्ध केले. धूसरपणा अंतराप्रमाणे वाढत गेला, तर शहराची दृश्ये लोकांना जवळची आणि लहान वाटतात. गंमत म्हणजे प्रत्येक बिंदूचे अचूक अंतर मोजण्याचीही गरज पडली नाही. खालून वर सरळ चढत जाणारा धूसरपणा जवळजवळ तितकाच परिणाम साधत होता. तोच चढ आडवा, म्हणजे अंतराच्या दिशेशी न जुळणारा दिला, की परिणाम उणावत होता.

या प्रकाराला टिल्ट-शिफ्ट हे नाव मात्र एका वेगळ्याच उद्योगातून मिळाले आहे. भिंग फिल्मच्या पातळीशी थोडे कलते केले की स्पष्ट दिसणारी पातळीही कलते, आणि फिल्म, भिंग व स्पष्ट दृश्य यांच्या पातळ्या एकाच रेषेत मिळतात. ऑस्ट्रियाच्या सैन्यातील कॅप्टन थिओडोर शाइमफ्लुग याने १९०४ च्या पेटंटात हा नियम वापरला. त्याचा हेतू हवाई छायाचित्रांवरून नकाशे करण्याचा होता. पुढे इमारतींची छायाचित्रे घेणाऱ्यांनी अशी भिंगे वापरली ती भिंती सरळ आणि सगळे दृश्य स्पष्ट यावे म्हणून. तेच भिंग उलट बाजूला कलते केले, की स्पष्टतेचा एक अरुंद पट्टा तेवढा उरतो. इटलीच्या ओलिवो बारबिएरी या छायाचित्रकाराने २००३ पासून हेलिकॉप्टरमधून रोम आणि इतर शहरांची अशी चित्रे काढली. सगळे स्पष्ट दिसावे म्हणून घडवलेले साधन अस्पष्टतेसाठी नावाजले गेले!

महागडे भिंग टाळून तोच परिणाम संगणकावर आणणे सोपे होते. मधला पट्टा सोडून वरखाली धूसरपणा चढवत न्यायचा, एवढेच. कित्येक वर्षे सर्वांनी तेच केले. सपाट वस्तीला ते शोभते. पण मध्येच देवळाचे शिखर किंवा पाण्याचा उंच मनोरा आला की फसगत होते. मनोऱ्याचा पाया आणि माथा कॅमेऱ्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर असतात. चित्रात मात्र माथा वरच्या पट्ट्यात जातो आणि धूसर होतो. कलते भिंगही हीच चूक करते, हे सांगायला हवे. खऱ्या प्रतिकृतीच्या जवळून घेतलेल्या चित्रात मनोरा आख्खा स्पष्ट राहिला असता.

इथे कृत्रिम बुद्धिमत्ता कामाला येते. एकाच सपाट चित्रावरून अंतर ओळखायला संगणकाला शिकवण्याचे प्रयत्न बरेच जुने आहेत. स्टॅनफर्ड विद्यापीठात आशुतोष सक्सेना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये तसे करून दाखवले होते. पद्धत थोडक्यात अशी : ज्यांतील अंतरे लेझरने किंवा दोन कॅमेऱ्यांनी आधीच मोजलेली आहेत अशी असंख्य चित्रे न्यूरल नेटवर्कला दाखवायची आणि त्याचा अंदाज चुकला की त्याच्यातील आकडे थोडेथोडे बदलत राहायचे. पुढे जमीन चित्रात वर सरकते तशी दूर जाते, कौले दूरवर बारीक होत जातात, एक वस्तू दुसरीला झाकते, लांबचे डोंगर फिकट असतात, अशा खुणा ते स्वतःच उचलते. २०१९ साली इंटेल आणि झ्युरिकच्या ईटीएच संस्थेतील संशोधकांनी तर यासाठी त्रिमिती चित्रपटही वापरले. उत्तर म्हणून एक करडा नकाशा मिळतो : जवळचे पांढरे, लांबचे काळे. मग प्रत्येक बिंदूला त्याच्या अंतराप्रमाणे धूसर करायचे.

या नकाशात एक मोठी उणीव आहे. दूरचे घर जवळच्याच्या दुप्पट अंतरावर आहे असे तो ढोबळमानाने सांगेल. पण ती अंतरे १०० आणि २०० मीटर आहेत की १ आणि २ मीटर, हे अशा नकाशातून कळत नाही. आम्ही शिबिरातल्या किल्ल्याचा नकाशा काढला, तो खऱ्या डोंगरी किल्ल्याचा म्हणूनही सहज खपला असता. आता आपल्या सूत्राकडे पुन्हा पाहा. तिथेही अंतरांचे गुणोत्तरच येते. म्हणजे धूसर करायला ही अर्धी माहिती पुरते, आणि राहिलेला आकडा, भिंगाचे तोंड, आपण पडद्यावर बोटाने सरकवून ठरवतो. बोट उजवीकडे सरकले की अडीच मीटरचे भिंग तयार! गाव केवढे आहे, हे आता दृश्य ठरवत नाही. ती सरकपट्टी ठरवते.

कामात कसरही राहते. विजेच्या तारा आणि झाडांची विरळ पाने या नकाशात नीट उतरत नाहीत; काचा आणि पाण्यातील प्रतिबिंबे तर त्याला हमखास चकवतात. दिव्यांचे वेगळेच दुखणे आहे. नेहमीच्या चित्रफाइलीत उजळपणाचा कमाल आकडा २५५ असतो. पांढरी भिंत आणि तिच्यापेक्षा शेकडो पट तेजस्वी दिवा, दोघांनाही तोच आकडा मिळतो. खऱ्या भिंगात दिव्याची झगझगीत चकती उमटते, तर संगणकावर मळकट ठिपका. शिवाय अडीच मीटरच्या भिंगाला खांबाच्या दोन्ही बाजूंनी मागचे दृश्य दिसते. आपल्या छोट्या कॅमेऱ्याने ते पाहिलेलेच नसते. खांबामागे काय होते, ते प्रोग्रॅमला कल्पनेने भरावे लागते.

ही भर कडेपुरती असते तोवर आमची तक्रार नाही. अलीकडे मात्र चित्र देऊन 'याचे खेळण्यातले गाव कर' असे नुसते लिहिले की आख्खे चित्र नव्याने रंगवून देणारे प्रोग्रॅम आले आहेत. बाईंच्या आग्रहावरून आम्ही तोही प्रयोग केला. फळ फार देखणे होते. आमच्या नेहमीच्या रीतीपेक्षा देखणे, हे कबूल करायला हवे. घरांना गुळगुळीत कडा आल्या, झाडे स्पंजची झाली. बाई बराच वेळ चित्रात शोधत राहिल्या. निळ्या टाकीच्या जागी एक गोंडस लाल छप्पर आले होते आणि वाळत घातलेले कपडे नाहीसे झाले होते. "हे आमचे घर नाही," त्या म्हणाल्या. पहिल्या चित्रात घर प्लॅस्टिकचे झाले तरी त्यांचेच होते. आमच्या मते या दोन प्रकारांना एकच नाव देणे योग्य नाही. पहिले धूसर केलेले छायाचित्र आहे, दुसरे छायाचित्रावरून काढलेले चित्र. वर्गात दाखवताना खाली तसे लिहावे.

चित्रातला धूसरपणा खऱ्या भिंगाचा की मागाहून चढवलेला, हे ओळखायला विद्यार्थ्यांना पट्टी आणि पेन्सिल पुरते. सारख्याच अंतरावरच्या दोन वस्तू शोधायच्या, उदाहरणार्थ एकाच खांबाचे बूड आणि टोक. दोन्ही सारखी धूसर नसतील तर चढ दिलेला आहे किंवा भिंग कलते आहे. मग तारा पाहायच्या : मध्येच तुटतात का? एखाद्या वस्तूच्या कडेला स्पष्ट झालर राहिली आहे का?

याच्या उलट प्रयोग तर दिवाळीत घरोघरी करता येईल. फोनच्या भिंगाचे तोंड साधारण ३ मिलिमीटरचे असते. सहा सेंटिमीटरच्या मावळ्यावर २० सेंटिमीटरवरून फोकस केला, तर मीटरभर अंतरावरच्या भिंतीचा डाग २.४ मिलिमीटरचा येतो. खऱ्या माणसामागे याच मापाचा डाग पडायला आठ सेंटिमीटर तोंडाचे भिंग लागले असते. म्हणून किल्ला लगेच खेळण्यातला दिसतो. तोच फोन मावळ्यापासून दोन मीटर अंतरावर नेऊन झूम करा. भिंत आता २.८ मीटरवर आली, डाग ०.९ मिलिमीटरवर उतरला. फोन मावळ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा आणि सकाळचे ऊन घ्या. किल्ल्यावर धबधबा सोडला असेल तर तो तेवढा चित्रात घेऊ नका. किल्ला लहान करता येतो, पाण्याचा थेंब लहान होत नाही, आणि मावळ्याच्या डोक्याएवढा थेंब दिसला की सगळे बिंग फुटते. हळीव मात्र खुशाल येऊ द्या. दोन मीटरवरून ते थेट कड्यावरच्या झाडीसारखे दिसते.