ऐन फ्रीझमध्ये सापडलेला दोष

डेबियन ही लिनक्स प्रणाली नवी आवृत्ती काढण्याआधी काही महिने ‘फ्रीझ’ पाळते: नव्या सोयी बंद, फक्त दोषदुरुस्ती चालू. ‘बुकवर्म’ या आवृत्तीसाठी हे निर्बंध जानेवारी २०२३ पासून टप्प्याटप्प्याने कडक झाले आणि १० जूनला ती प्रसिद्ध झाली. अशा वेळी एखाद्या पॅकेजमध्ये दोष आढळला, तर त्याची नवी आवृत्तीच उचलावी का? माझ्या मते नाही. नव्या आवृत्तीत हव्या त्या दुरुस्तीबरोबर न मागितलेले बदलही येतात आणि ते पारखायला वेळ उरलेला नसतो. म्हणून तेवढीच दुरुस्ती जुन्या आवृत्तीत आणावी.

यावर आक्षेप असा, की मूळ लेखकांइतका कोड इतरांना कळत नाही. तो रास्तच आहे. २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या पॅकेजमधून, तपासणी साधनाच्या तक्रारीमुळे, किरकोळ वाटणारा कोड काढला गेला. त्यामुळे गुप्त किल्ल्या बनवताना यादृच्छिकतेसाठी जवळपास फक्त प्रोसेस क्रमांक उरला, म्हणजे जेमतेम ३२,७६८ शक्यता. हे उघडकीस आलं मे २००८ मध्ये! पण धडा असा, की बदल लहान असून भागत नाही, तो जाणकारांनी तपासलेलाही हवा. आणि लहान बदलच ओळीन् ओळ तपासता येतो. दुरुस्ती सुटी करणं अशक्यच असेल, तर मात्र नवी आवृत्ती घ्यावी किंवा ते पॅकेज वगळावं.