शेपटीतल्या वाहिनीचे भागीदार

वीर्यतपासणीचा अहवाल 'नॉर्मल' आला, की आपल्याकडे बोट लगेच बाईकडे वळतं. त्या तपासणीत शुक्राणूंची संख्या, आकार आणि हालचाल पाहतात. शेपटीतली कॅल्शियमची वाहिनी उघडते का, हे पाहत नाहीत.

ही वाहिनी म्हणजे कॅटस्पर. २००१ साली बोस्टनमध्ये डेव्हिड क्लॅफम यांच्या प्रयोगशाळेत देजियान रेन आणि सहकाऱ्यांना उंदरात तिचं पहिलं प्रथिन सापडलं. ते नसलेल्या उंदरांचे शुक्राणू पोहतात, पण अंड्याचं आवरण त्यांना भेदता येत नाही. कॅल्शियम आत आल्याशिवाय शेपटी चाबकासारखी फटकारत नाही.

वाहिनीचे घटक ओळखायची नेहमीची रीत सोपी आहे: जनुक दुसऱ्या पेशीत घालायचं आणि विद्युतप्रवाह मोजायचा. कॅटस्परने इथे दाद दिली नाही. परक्या पेशीत ती कामच करेना. खुद्द शुक्राणूत नवं जनुक घालूनही उपयोग नाही, कारण पक्व शुक्राणूत नवी प्रथिनं घडणं जवळपास थांबलेलं असतं.

मग उलटी वाट धरावी लागली. कॅटस्पर१ला खूण जोडलेले उंदीर तयार केले, वृषणातून ते प्रथिन ओढून काढलं आणि त्याला चिकटून काय काय येतं ते पाहिलं. गळाला एक मासा लागावा आणि सोबत अख्खं कुटुंब वर यावं, तसं झालं. छिद्र घडवणारी चार प्रथिनं आधीच ठाऊक होती. या रीतीने २००७ मध्ये बीटा सापडलं. पुढे गॅमा, डेल्टा, एप्सिलॉन, झीटा अशी नावं जोडली गेली.

खरी अडचण पुढे होती. कॅटस्पर१ काढून टाकलं, की शेपटीतून बाकीचेही नाहीसे होतात. त्यामुळे ते आवश्यक आहे एवढं कळतं, कोणाचं काम काय ते नाही. अपवाद ठरलं ईएफकॅब९. त्याच्याविना वाहिनी अर्धवट टिकते, म्हणून २०१९ मध्ये त्याचं काम उमगलं: आतली आम्लता कमी झाल्याची आणि कॅल्शियमची खबर ते वाहिनीला देतं.

२०२१ मध्ये चिनी संशोधकांनी अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने उंदराच्या वाहिनीची रचना टिपली. तिथे एक अनपेक्षित पाहुणा निघाला: रेणू वाहून नेणारं एसएलसीओ६सी१ हे प्रथिन, वाहिनीला खेटून बसलेलं. ते तिथे काय करतं, हे रचनेवरून सांगता आलं नाही.

माणसाची वाहिनी आणखी निराळी; ती प्रोजेस्टेरॉनने उघडते, उंदराची तशी उघडत नाही. कॅटस्पर२ आणि शेजारचं श्रवणाशी निगडित जनुक दोन्ही गुणसूत्रांवरून गळलेल्या पुरुषांत बहिरेपण आणि वंध्यत्व एकत्र आढळतं.