विश्लेषण : जुनी ‘मस्टँग’ विकायला आहे, पण कागद कुठे आहेत?

समृद्धी महामार्गासाठी शहापूर तालुक्यातील जमिनी गेल्या आणि अनेक घरांत मोबदल्याची रक्कम आली. किन्हवली-मुरबाड पट्ट्यात फार्महाऊसचीही हौस आहे. अशा वेळी मोबाइलवर ‘१९६५ची फोर्ड मस्टँग, अस्सल, चालू स्थितीत’ अशी जाहिरात दिसली की मन खेचले जाते. ‘लग्नाच्या वरातीला भाड्याने दिली तर पैसे वसूल’ असा हिशेबही लगेच मांडला जातो. हा हिशेब कायद्यात बसतो का? अशी गाडी घेताना काय तपासावे?

मस्टँगला एवढे मोल का?

फोर्डने ही गाडी १७ एप्रिल १९६४ रोजी न्यू यॉर्कच्या जागतिक मेळ्यात आणली. किंमत २,३६८ डॉलरपासून सुरू होत होती. स्पोर्ट्स कारचा तोरा आणि सामान्य नोकरदाराला पेलेल असा भाव, हे तिचे गमक. पहिल्याच दिवशी सुमारे २२ हजार गाड्यांची मागणी नोंदली गेली आणि दोन वर्षांच्या आत दहा लाख गाड्या तयार झाल्या. म्हणजे मस्टँग मुळात दुर्मीळ नव्हे. मग काहींना कोट्यवधी का मिळतात?

याचे उत्तर ‘बुलिट’ या १९६८च्या चित्रपटातील गाडीत सापडते. स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेली ही मस्टँग १९७४ मध्ये एका कुटुंबाने जाहिरात वाचून ६ हजार डॉलरला घेतली आणि रोजच्या कामासाठी वापरली. १९७७ मध्ये मॅक्वीनने पत्र लिहून ती परत मागितली, पण कुटुंबाने दिली नाही. जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातील लिलावात तिला ३४ लाख डॉलरची बोली लागली. शुल्क धरून ही रक्कम ३७ लाख ४० हजार डॉलर झाली. गाडीचा रंग विटला होता, पत्रा जागोजागी खराब झाला होता. पण चासी क्रमांक जुळत होता आणि मॅक्वीनचे पत्र कुटुंबाने जपून ठेवले होते. पैसे या पुराव्याला मिळाले.

भारतात अशा गाड्या आल्या कशा?

स्वातंत्र्यानंतर परदेशी गाड्यांच्या आयातीवर कडक निर्बंध होते. परदेशी वकिलातींनी आणलेल्या गाड्या पुढे सरकारी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात. काही गाड्या परदेशातून कायमचे परतणाऱ्या भारतीयांनी सोबत आणल्या. अशा गाडीचा मालकीचा माग पहिल्या कागदापासून आजपर्यंत लागायला हवा.

विनापरवाना आयातीची मुभा बराच काळ १९५० पूर्वीच्या गाड्यांपुरती होती. २०२५ मध्ये ती ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी खुली झाली. मात्र आयात शुल्क आणि कर मिळून गाडीच्या मूळ किमतीपेक्षा जास्त भरू शकतात. हे शुल्क चुकवून आणलेली गाडी जप्त होऊ शकते. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळमध्ये भूतानमार्गे गाड्या आणल्याच्या संशयावरून सीमाशुल्क विभागाने छापे टाकले, ते याच कारणाने.

‘व्हिंटेज’ नोंदणी म्हणजे काय?

केंद्राने जुलै २०२१ मध्ये यासाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली, खासगी वापराची आणि चासी, सांगाडा वा इंजिनात मोठे बदल न केलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ ठरते. शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे. पुढच्या नोंदणीला ५ हजार. नव्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येते. आधीच नोंदणी असलेल्या गाडीला जुना क्रमांक कायम ठेवता येतो. अर्जासोबत विमा लागतो, तसेच आयात गाडी असल्यास सीमाशुल्काचे ‘बिल ऑफ एंट्री’ आणि भारतात नोंद झालेली असल्यास जुने आरसी.

नेहमीचीच नोंदणी ठेवली तर? २० वर्षांहून जुन्या आयात चारचाकीच्या नूतनीकरणाचे शुल्क ऑगस्ट २०२५ पासून ८० हजार रुपये आहे आणि ते दर पाच वर्षांनी भरावे लागते.

वरातीला भाड्याने देता येईल का?

नाही. व्हिंटेज नोंदणीची गाडी नियमित किंवा व्यावसायिक कारणासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढीच मुभा आहे. नेहमीची खासगी नोंदणी असली तरी परवाना नसताना भाडे घेणे बेकायदाच. वरातीच्या कमाईवर कर्ज काढणाऱ्याचा हिशेब इथेच कोसळतो.

खरी गाडी कशी ओळखावी?

१९६५च्या मस्टँगचा क्रमांक बॉनेटखाली, डाव्या मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर ठोकलेला असतो. समजा, त्याची सुरुवात ‘५एफ०७सी’ अशी आहे. ५ म्हणजे १९६५, एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना, ०७ म्हणजे पक्क्या छताची गाडी आणि सी म्हणजे ४.७ लिटरचे व्ही-८ इंजिन. क्रमांक टी सांगतो आणि बॉनेटखाली व्ही-८ आहे, तर इंजिन बदललेले आहे. कारण टी हे सहा सिलिंडरचे चिन्ह. आरसी, पत्र्यावरचा ठोकलेला क्रमांक आणि आयातीचे कागद, तिन्हीकडे एकच क्रमांक हवा.

दुसऱ्याच गाडीवर मस्टँगसारखा सांगाडा चढवलेला असेल तर ती व्हिंटेज ठरणार नाही. कंपनीच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्येही स्पष्ट केले आहे. स्टीअरिंग डावीकडे असल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १२० नुसार चालू स्थितीतील सिग्नल यंत्रणा बंधनकारक आहे.

इथल्या पावसात टिकेल का?

जुन्या मस्टँगचे ठरलेले दुखणे म्हणजे पुढच्या काचेखालची हवेची पोकळी. ती गंजली की पाणी थेट पायाखालच्या पत्र्यावर उतरते. या गाडीला वेगळी चासी नाही, सांगाडाच भार पेलतो; त्यामुळे तळाचा गंज म्हणजे गाडीच्या ताकदीवरच घाव. सह्याद्रीच्या पायथ्याशी कोरडी, हवेशीर शेड हवीच. आणखी एक अडचण इंधनाची. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. जुन्या रबरी नळ्या, वॉशर आणि कार्ब्युरेटरला ते सोसत नाही; ते भाग बदलून घ्यावे लागतात.

मग घ्यावी का?

हौस असेल, पैसे अडकले तरी घर अडणार नसेल, तर जरूर. पण क्रम असा ठेवा : आधी आरसी आणि आयातीचे कागद मागा, आरटीओत त्यांची खातरजमा करा, मग जाणकार मेकॅनिकला गाडी उचलून तळ दाखवा आणि शेवटी भाव बोला. ‘कागद नंतर देतो, आधी टोकन पाठवा’ असे विकणारा म्हणत असेल, तर टोकन पाठवू नका.