मंडळीची वाटचाल (भाग 7) : पाळक घडतो कुठे?

कोलकात्याच्या गार्डन रीचसमोर, हुगळीच्या पलीकडच्या काठावर शिबपूर आहे. तिथल्या वनस्पती उद्यानालगत कलकत्त्याचे पहिले अँग्लिकन बिशप टॉमस मिडलटन यांनी 15 डिसेंबर 1820 रोजी बिशप्स कॉलेजची कोनशिला बसवली. इथल्याच तरुणांतून पाळक आणि धर्मशिक्षक तयार करायचे, पवित्र शास्त्राची देशी भाषांत भाषांतरे करायची, असा बेत होता. इमारत मात्र गॉथिक धाटणीची, आणि शिस्त इंग्लंडमधल्या जुन्या विद्यापीठांची. इमारत उभी राहताना पाहणे मिडलटन यांच्या नशिबी नव्हते. 1822 मध्ये ते वारले.

कॉलेजचे पहिले प्राचार्य विल्यम हॉज मिल संस्कृतचे जाणकार होते. त्यांनी ख्रिस्ताचे चरित्र संस्कृत श्लोकांत रचले. ‘ख्रिस्तसंगीत’ नावाचा हा ग्रंथ 1831 पासून भागाभागांनी छापला गेला. परक्या धर्माला देशी वेश देण्याचा हा मोठा उद्योग होता, पण वेश निवडला तो पंडितांचा. नावात संगीत असले तरी रविवारच्या उपासनेत बंगाली शेतकऱ्याला गाता येईल असे त्यात काही नव्हते.

खरोखरीच्या वेशावरूनही याच कॉलेजात तंटा झाला. पुढे बंगाली कवी म्हणून गाजलेले मायकेल मधुसूदन दत्त 1844 ते 1847 या काळात इथे शिकत होते. युरोपीय विद्यार्थ्यांना काळा झगा आणि देशी विद्यार्थ्यांना पांढरा, हा भेद त्यांना खपला नाही. ते भरजरी रंगीत पोशाखात वर्गात येऊन बसले आणि अधिकाऱ्यांना नमते घ्यावे लागले, असे त्यांच्या चरित्रांत सांगतात. झग्याचा रंग ही परंपरेची बाब की वर्णभेदाची, याचे उत्तर त्या तरुणाने आपल्या परीने देऊन टाकले. ते पाळक मात्र झाले नाहीत. कृष्णमोहन बॅनर्जी पाळक झाले आणि 1852 पासून याच कॉलेजात प्राध्यापक होते, पण अशी माणसे बोटांवर मोजण्याइतकीच.

मराठी मुलुखात हे काम वेगळ्या वाटेने झाले. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे 1831 पासून होते. तिथले कृष्णराव सांगळे यांनी देशी चालींवर ख्रिस्ती पदे रचली, ख्रिस्ती कीर्तनही रूढ झाले. त्या जमिनीत नारायण वामन टिळक आले. 1895 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, 1904 मध्ये त्यांना पाळकदीक्षा मिळाली. त्यांचे खरे शिक्षण गॉथिक कमानींखाली झाले नव्हते. ते अभंग, ओवी आणि कीर्तनात झाले होते. तुकारामांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. म्हणून त्यांच्या भजनांना वेश चढवावा लागला नाही. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गायनसंग्रहात त्यांची अडीचशेहून अधिक गायने आहेत आणि ती पाठ असलेले लोक आजही खेडोपाडी भेटतात. मिल यांची विद्वत्ता थोर, पण गळ्यात उतरले ते टिळक.

टिळक तेवढ्यावर थांबले नाहीत. 1917 मध्ये मिशनची पगारी सेवा सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त एकत्र यावेत, ही त्यांची कल्पना. पाळकाने मंडळीच्या चार भिंतींत किती राहावे, हा आज नवा वाटणारा प्रश्न त्यांनी तेव्हाच विचारला होता. 1919 मध्ये ते गेले आणि दरबार फार टिकला नाही. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य मात्र त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 64 अध्यायांची भर घालून पुरे केले.

आज शहरी मंडळ्यांत गिटार, कीबोर्ड आणि पडद्यावर उमटणारी गायने आली आहेत. परंपरा बुडाली अशी कुरकूर त्यावर होते, आणि परंपरा म्हणून पेटी-तबल्याकडे बोट दाखवले जाते. पेटी तरी कुठे इथली? तीही एकोणिसाव्या शतकात युरोपातूनच आली, आणि आता तिच्याशिवाय भजन सुरू होत नाही. गिटारलाही तसा मान मिळू शकेल. अडचण वाद्याची नाही. नव्या गायनांतले बरेचसे शब्द भाषांतरित असतात आणि मराठी उच्चाराला सुराशी झटापट करावी लागते. पाळकाने लक्ष घालायचे ते इथे.

शेवटी या दोन वाटांचे पुढे काय झाले ते. शिबपूरची जागा 1880 मध्ये सरकारने अभियांत्रिकी महाविद्यालयासाठी घेतली आणि बिशप्स कॉलेज शहरात हलले. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. तेव्हापासून ते कॉलेज आणि अहमदनगरची जुनी मिशन मंडळी एकाच चर्चची आहेत.