बीजं स्फीतीत पडली, वाढली मात्र नंतर

गैरसमज: आरंभीच्या अफाट स्फीतीने (इन्फ्लेशन) विश्व एकसारखं केलं. मग दीर्घिका आल्या कुठून?

वस्तुस्थिती: आधीचा खडबडीतपणा स्फीतीने पुसला, हे खरं. पण क्वांटम क्षेत्र कधीच पूर्ण शांत नसतं. त्यातले सूक्ष्म चढउतार स्फीतीने ताणून खगोलीय आकाराचे केले. मुखानोव आणि चिबिसोव या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी हा विचार १९८१ साली मांडला. पुढच्याच वर्षी केंब्रिजच्या कार्यशाळेत हॉकिंग, स्टारोबिन्स्की, गूथ आदींनी या चढउतारांचं गणित तपासलं.

गैरसमज: स्फीती चालू असतानाच गुरुत्वाकर्षणाने हे चढउतार वाढवले.

वस्तुस्थिती: चांगल्या वाचकांच्याही मनात हा समज घट्ट बसलेला दिसतो, म्हणून इथे जरा थांबायला हवं. स्फीतीत चढउताराची लांबी वाढते, तीव्रता नव्हे. लांबी त्या काळच्या क्षितिजापलीकडे गेली की एका टोकाचा परिणाम दुसऱ्या टोकापर्यंत पोचत नाही आणि अवकाशाच्या वक्रतेतला तो फरक जसाच्या तसा गोठून राहतो. स्फीती संपल्यावर क्षितिज विस्तारतं आणि चढउतार एकेक करून आत येतात. शेवटी बाहेर गेलेले आखूड आधी, सर्वांत लांब अगदी अखेरीस.

आत आल्यावरही साधा पदार्थ लगेच गोळा झाला नाही. प्रकाशाचा दाब त्याला मागे रेटत होता आणि त्यातून ध्वनिलहरी उठत होत्या. सुमारे ३,८०,००० वर्षांनी प्रकाश मोकळा झाला. त्या प्रकाशाच्या तापमानात आज दिशेगणिक लाखात एक इतकाच फरक दिसतो. तेव्हापासून विश्व सुमारे १,१०० पट पसरलंय, आणि घनतेतला फरक वाढतो तो साधारण त्याच पटीत. म्हणजे लाखात एकवरून जेमतेम शंभरात एक. एवढ्यावर दीर्घिका घडत नाहीत! प्रकाशाचा दाब न जाणवणारं कृष्णद्रव्य त्याआधीच गोळा होऊ लागलं होतं. साधा पदार्थ पुढे त्याच्या खळग्यांत उतरला.

गैरसमज: स्फीती सिद्ध झाली आहे.

वस्तुस्थिती: पुरावा भक्कम आहे, पण अपुरा. सर्व लांबींचे चढउतार सारखेच तीव्र असते तर त्यांचा निर्देशांक नेमका १ आला असता. स्फीतीच्या साध्या प्रारूपांनुसार तो किंचित कमी असावा, आणि प्लांक उपग्रहाने तो ०.९६५ च्या आसपास मोजला. मात्र स्फीतीतून उठलेल्या गुरुत्वलहरींची खूण अजून मिळालेली नाही. २०१४ साली बायसेप-२ या दुर्बिणीच्या गटाने ती मिळाल्याचं जाहीर केलं होतं, पण तो संकेत आपल्या आकाशगंगेतल्या धुळीने समजावता येतो, हे पुढच्याच वर्षी स्पष्ट झालं.